माशाच्या नंबरप्लेटचे पैसे खरंच माशांपर्यंत पोहोचतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपाला राहता, नवी गाडी घेतली आणि नोंदणीसाठी टॅग ऑफिसात गेलात तेव्हा भिंतीवरच्या खास चित्रांच्या नंबरप्लेटांमध्ये उडी मारणारा टारपन मासा दिसला. वर्षाला 15 डॉलर जास्त. रविवारी मुलांना घेऊन स्कायवे पुलाजवळच्या पिअरवर, म्हणजे मासेमारीच्या धक्क्यावर, गळ टाकायला जाता, त्यामुळे टँपाच्या खाडीसाठी काहीतरी करावंसं वाटतं. पण हे पैसे माशांच्या कामी येतात की सरकारी तिजोरीत जिरतात, ही शंका आहे. घ्यायचीच तर कुठली प्लेट घ्यावी, की त्यापेक्षा थेट देणगी दिलेली बरी? आणि शेवटी विचारलंत की आपल्याकडे महाराष्ट्रात असं काही का नाही.

मी बरीच वर्षं फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर खाड्या आणि खारफुटी पुन्हा उभी करण्याच्या कामात आहे. अशा छोट्या अनुदानांसाठी अर्ज केलेत, आणि नंतर असे अर्ज तपासणाऱ्या समित्यांवरही बसलो आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली शंका आधी दूर करतो, कारण ती सोपी आहे. पैसे पोहोचतात. फ्लोरिडात खास नंबरप्लेटसाठी जी जादा रक्कम भरता, तिला कायद्यात वार्षिक वापर शुल्क म्हणतात, आणि ती राज्याच्या सर्वसाधारण खात्यात मिसळत नाही. राज्याच्या कायद्याच्या 320.08058 या कलमात प्रत्येक प्लेटसाठी वेगळं उपकलम आहे. पैसे कोणत्या संस्थेला द्यायचे, तिने ते कशावर खर्चायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. नफ्याच्या धंद्यासाठी हे पैसे वापरता येत नाहीत. ऑफिसखर्चासाठी वापरायचे तर तशी परवानगी त्याच उपकलमात असावी लागते. शिवाय पैसे घेणाऱ्या संस्थेला दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तुम्ही ज्या प्लेटचा विचार करताय तिचं उपकलम इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडतं आणि ते एका परिच्छेदाचं असतं. प्लेट घेण्याआधी तेवढं वाचाच. लोक गाडीच्या टायरबद्दल याहून जास्त वाचतात.

हे सगळं फ्लोरिडाचं झालं. दुसऱ्या राज्यात राहणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी आपल्या राज्याचा हिशेब वेगळा बघावा, कारण इथे फार फरक पडतो. टेक्सासमध्ये पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या प्लेट्स 30 डॉलरच्या आहेत आणि त्यातले 22 डॉलर खात्याच्या कामाला जातात. व्हर्जिनियात चेसापीक उपसागराची खेकड्याची प्लेट 25 डॉलरची. तिथे पहिल्या 1,000 प्लेटांचं उत्पन्न वाहन खात्याकडेच राहतं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्लेटमागे 15 डॉलर उपसागराच्या निधीत पडतात. म्हणजे दिसायला सारखीच गोष्ट, पण एका राज्यात पैसा थेट सरकारी मत्स्यखात्याकडे, दुसऱ्यात वेगळ्या निधीकडे, आणि फ्लोरिडात बहुतेक वेळा एखाद्या ना-नफा संस्थेकडे. या तीन ठिकाणी पैशाचं पुढे काय होतं ते अगदी वेगवेगळं असतं.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. पैसे पोहोचतात का, यापेक्षा पोहोचल्यावर त्यांतून असं काही होतं का जे एरवी झालंच नसतं? माझं सगळं उत्तर याभोवतीच आहे.

आधी चित्राबद्दल. प्लेटवर मासा आहे म्हणजे पैसा माशाला, असं नाही. फ्लोरिडात फिश फ्लोरिडा नावाची प्लेट आहे, तिच्यावर सेलफिश आहे. तिचे पैसे मुख्यतः मुलांना मासेमारी शिकवायला आणि त्यांना गळ-रीळ द्यायला जातात. काम चांगलंच आहे, पण ते सेलफिशच्या संवर्धनाचं नाही. गो फिशिंग या प्लेटवरचा बास मासा गोड्या पाण्यातला, त्याचा खाडीशी संबंध नाही. प्रोटेक्ट अवर रीफ्स या प्लेटचे पैसे सारासोटाच्या मोट मरीन लॅबोरेटरीला जातात आणि तिथे प्रवाळाचं संशोधन आणि लागवड चालते. तिच्यावर तुम्ही गळाला लावता तसला मासा नाही, पण प्रवाळ गेलं तर ग्रूपर आणि स्नॅपर राहतील कुठे? समुद्री कासवाच्या प्लेटचे 70 टक्के पैसे राज्याच्या कासव संरक्षण विभागाला आणि 30 टक्के अनुदान म्हणून वाटायला, असं कायद्यातच ठरलंय. आणि तुम्ही पाहिलेली टारपनची प्लेट टँपाच्या खाडीसाठी काम करणाऱ्या टँपा बे एस्च्युअरी प्रोग्रॅमची. तिच्या पैशातून बे मिनी-ग्रँट्स दिली जातात. शाळा, वस्त्यांच्या संघटना, छोट्या संस्था यांना खाडीच्या कामासाठी साधारण 5,000 डॉलरपर्यंतची छोटी अनुदानं. म्हणजे चित्र टारपनचं, पण पैसा टारपन मोजायला किंवा पाळायला जात नाही, टारपन जिथे वाढतो त्या खाडीला जातो. मला स्वतःला ही वाटणी सर्वांत पटते. का, ते पुढे सांगतो.

आता रकमेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. फ्लोरिडात 2020 च्या कायद्याने नव्या खास प्लेटसाठी आधी 3,000 आगाऊ नोंदण्या 24 महिन्यांत जमवाव्या लागतात. आणि 2023 च्या जुलैपासून सलग 12 महिने एखाद्या प्लेटचा आकडा 3,000 च्या खाली राहिला तर ती बंद होते. एका वेळी जास्तीत जास्त 150 प्रकारच्या प्लेट्स, असंही बंधन आहे. तर काठावर जगणाऱ्या 15 डॉलरच्या प्लेटला वर्षाला किती मिळतात? 3,000 गुणिले 15, म्हणजे 45,000 डॉलर. एका अनुभवी जीवशास्त्रज्ञाचा वर्षाचा पगारही त्यात धड बसत नाही. जास्त खपणाऱ्या प्लेट्स याच्या कित्येक पट आणतात, पण हा तळाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. आणि त्याच कारणाने तुमची एक प्लेट नगण्य नाही, हेही लक्षात घ्या. उंबरठ्यावरच्या प्लेटच्या बाबतीत शेवटचे काहीशे लोकच ठरवतात की पूर्ण 45,000 पुढल्या वर्षी येणार की शून्य.

या पैशाने मासे वाचतात का? एवढ्यानेच, नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण प्लेट घेतली की आपलं कर्तव्य झालं असं मानणारे लोक मला फार भेटतात. या किनाऱ्यावर मासा कशाने वाचला याचा इतिहास ताजा आहे. 1980 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांची मसाला चोळून कडकडीत तव्यावर काळी केलेली रेडफिश देशभर गाजली, आणि मेक्सिकोच्या आखातात मोठ्या रेडफिशचे थवेच्या थवे जाळ्यात यायला लागले. अंडी घालणारे मासे तेच. शेवटी केंद्र सरकारने आपल्या हद्दीतली रेडफिशची मासेमारी थांबवली. फ्लोरिडानेही काही काळ ती पूर्ण बंद केली, आणि 1989 मध्ये परत उघडली ती माणशी दिवसाला एक मासा आणि तोही 18 ते 27 इंचांमधला, या अटीवर. विक्रीला बंदी. मासा परत आला. 1994 मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी 72 टक्के मतांनी किनाऱ्याजवळच्या मोठ्या जाळ्यांवर राज्यघटनेतच बंदी घातली आणि 1 जुलै 1995 पासून ती लागू झाली. त्याची किंमत कित्येक कोळी कुटुंबांनी मोजली. सीडर कीसारख्या गावांत जाळी गेली आणि लोक शिंपल्यांच्या शेतीकडे वळले. आपल्यापैकी ज्यांचं गाव किनाऱ्यावर आहे त्यांना हे वाचताना वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण मुद्दा असा की मासा नियमांनी वाचला.

नियमांच्या जोडीला पाणी. टँपाची खाडी 1970 च्या दशकात हिरव्या शेवाळाचं सूप झाली होती. शहरांचं सांडपाणी अर्धवट प्रक्रिया करून आत सोडलं जायचं, त्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ वाढायचं, ऊन तळापर्यंत पोहोचायचं नाही आणि तळावरचं समुद्री गवत मरायचं. 1950 च्या सुमाराला इथे जवळपास 40,000 एकर समुद्री गवत होतं. 1982 मध्ये सुमारे 21,600 एकर उरलं. दरम्यान कायद्याने सांडपाण्यावर प्रगत प्रक्रिया सक्तीची केली, टँपाचं हॉवर्ड करन सांडपाणी केंद्र सुधारलं, आणि 1996 पासून शहरं, जिल्हे, वीज कंपन्या आणि खत कारखाने नायट्रोजन आटोक्यात ठेवायला एका गटात काम करायला लागले. गवत सावकाश परत आलं. 38,000 एकरांचं उद्दिष्ट ओलांडून 2016 मध्ये ते 41,655 एकरांवर गेलं. त्या वर्षीची आनंदाची लाट अजून आठवते. त्यानंतर मात्र ते पुन्हा घसरलं, 2022 च्या मोजणीत 30,137 एकर. 2021 मध्ये पायनी पॉइंटच्या बंद खत कारखान्याच्या तलावातलं सुमारे 21 कोटी गॅलन दूषित पाणी खाडीत सोडावं लागलं, आणि त्या उन्हाळ्यात रेड टाइडने, म्हणजे विषारी शेवाळाच्या उद्रेकाने, किनाऱ्यावर शेकडो टन मेलेले मासे आणून टाकले. गवताची घसरण त्याआधीच सुरू झाली होती, त्यामुळे सगळा दोष एका घटनेवर टाकणं बरोबर नाही. पण अशा धक्क्यापुढे 45,000 डॉलर काय करणार?

मग 15 डॉलर कशासाठी द्यायचे? छोट्या कामांसाठी. आणि टारपनच्या बाबतीत छोटी कामं फार मोलाची असतात, कारण हा मासा लहानपणी छोट्या जागांत राहतो.

मोठा टारपन सहा-सहा फुटांचा, चंदेरी, खुल्या समुद्रातला. त्याची अंडी किनाऱ्यापासून दूर पडतात. पिल्लं मात्र भरतीबरोबर आत सरकत सरकत अशा ठिकाणी जाऊन राहतात जिथे बहुतेक दुसरे मासे जगणार नाहीत: खारफुटीच्या मागची डबकी, डासांच्या बंदोबस्तासाठी जुन्या काळी खणलेले चर, रस्त्याच्या कडेची चहाच्या रंगाची साचलेली पाणथळ. तिथे पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मोठे भक्षक मासे येत नाहीत. टारपनचं पिल्लू वर येऊन तोंडाने हवा गिळतं आणि हवेच्या पिशवीने श्वास घेतं, त्यामुळे ते टिकतं. सकाळी वारा पडलेला असताना अशा चराच्या काठी थांबा. पाणी बुडबुडून एक वीतभर लांब चंदेरी पाठ वळते आणि गडप होते, थोड्या वेळाने दुसरीकडे. ज्या चराला लोक गटार समजतात तो या माशाचा पाळणा आहे. याचाच हिंद-प्रशांत महासागरातला भाऊबंद आपल्या भारताच्या खाड्यांतही सापडतो आणि त्याची पिल्लंही अशीच कोंडलेल्या पाण्यात वाढतात.

आता या चराला धोका कशाचा? एखादी मोरी गाळाने बुजते आणि भरतीचं पाणी यायचं थांबतं. काठावर ब्राझिलियन पेपर या परक्या झुडपाचं रान माजतं. शेजारच्या हिरवळीचं खत पावसात वाहून येतं. यातलं एकही काम केंद्र सरकारच्या मोठ्या निधीतून होत नाही, कारण ते फारच लहान असतं. कोट्यवधींच्या योजनेचा अर्ज भरायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात ही मोरी साफ होते. अशा कामाला शेजारच्या शाळेतला एखादा शिक्षक लागतो, एखादी वस्तीची संघटना लागते, आणि चार-पाच हजार डॉलर लागतात ज्यांच्यासाठी पन्नास पानांचा अर्ज करावा लागत नाही. प्लेटचा पैसा नेमका या फटीत बसतो.

अर्ज तपासताना मी काय बघतो, ते सांगितलं तर हा पैसा कसा फिरतो ते नीट कळेल. समजा कालवांची (ऑयस्टरची) भिंत, म्हणजे रिकाम्या शिंपल्यांच्या पिशव्या रचून केलेला बांध, बांधायचा अर्ज आलाय. खर्चाच्या तक्त्यात जाळीच्या पिशव्या, ट्रकचं भाडं, हातमोजे, परवानगीचं शुल्क. शिंपली उपाहारगृहांकडून फुकट मिळतात, पण ती कित्येक महिने उन्हात वाळवावी लागतात, नाहीतर रोग खाडीत शिरतो. मग अर्जात वाळवायला जागा कुठे आहे? लिहिलेलं नसेल तर अर्जदाराने हे काम कधी केलेलं नाही. पिशवी प्लास्टिकच्या जाळीची की कुजणाऱ्या? जागा किती खोल, ओहोटीला कालवं किती वेळ उघडी पडतात? लष्कराच्या अभियंता विभागाची आणि राज्याच्या पर्यावरण खात्याची परवानगी हातात आहे की "मिळेल" असं लिहिलंय? आणि सर्वांत महत्त्वाचं, दोन वर्षांनी ही भिंत जिवंत आहे का हे कोण जाऊन बघणार? छपाई, टी-शर्ट आणि फलक यांच्यावरच निम्मे पैसे दाखवणारे अर्जही येतात. चांगली समिती ते परत पाठवते. वाईट समिती मंजूर करते. तुमच्या 15 डॉलरचं भलं-बुरं बव्हंशी या टेबलावर ठरतं, प्लेटच्या काउंटरवर नाही.

याच पैशाचा आणखी एक उपयोग बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत मोठी सरकारी अनुदानं मिळवायला बहुतेकदा स्वतःचा वाटा दाखवावा लागतो, आणि तो केंद्राच्या पैशातला चालत नाही. प्लेटचा पैसा केंद्राचा नसतो. त्यामुळे छोट्या संस्थेकडे असे पाच हजार असले की ती त्यांच्या आधाराने कितीतरी मोठ्या रकमेचा अर्ज करू शकते. मी पाहिलेल्या चांगल्या कामांपैकी बरीच अशीच सुरू झाली.

आता तुमच्या बाबतीतली एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण मला प्लेटपेक्षा महत्त्वाची वाटते. तुम्ही स्कायवे पिअरवर मासे पकडता. त्या पिअरचा स्वतःचा परवाना असल्यामुळे तिथे वैयक्तिक परवाना लागत नाही. फ्लोरिडाच्या रहिवाशांना नुसतं किनाऱ्यावरून गळ टाकायचा परवानाही फुकट मिळतो. म्हणजे बहुधा तुम्ही मासेमारीचा परवाना विकत घेतलेलाच नाही. तो घ्या. वर्षाचा खाऱ्या पाण्याचा परवाना 17 डॉलरचा आहे.

कारण असं. 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने अमेरिकेत गळ, रीळ, दोर अशा सामानावर कारखान्यातच अबकारी कर लागतो, बहुतेक सामानावर 10 टक्के. 1984 च्या सुधारणेने त्यात बोटींच्या इंधनावरच्या कराची भर पडली. हा पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी वाटला जातो आणि वाटणीचं सूत्र ठरलेलं आहे: 40 टक्के राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळावर आणि 60 टक्के पैसे भरून परवाना घेणाऱ्या लोकांच्या संख्येवर. शिवाय मंजूर प्रकल्पाच्या खर्चाचे 75 टक्के केंद्र देतं, राज्याला 25 टक्केच घालावे लागतात. म्हणजे तुमचे 17 डॉलर राज्याच्या मत्स्यखात्यात जातातच, वर तुमचं डोकं मोजलं जातं आणि केंद्राचा पैसा फ्लोरिडाकडे थोडा जास्त वळतो. दुकानातून गळ घेताना तुम्ही कर आधीच भरलाय. परवाना नसेल तर तो पैसा परत आणताना तुमची गणती होत नाही, एवढंच.

तर आतापर्यंतचा क्रम माझ्या लेखी असा लागतो: आधी नियम पाळणं, मग परवाना, मग प्लेट. नियमांत टारपनपुरतं सांगायचं तर फ्लोरिडात तो पकडून सोडायचाच मासा आहे, आणि 40 इंचांहून मोठा असेल तर फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर काढायचा नाही. स्कायवेवर हिवाळ्यात पेलिकन दोरात अडकतात म्हणून 15 नोव्हेंबर ते 31 मार्च एकाहून जास्त हुक असलेल्या गळांवर बंदी आहे. तुटलेला दोर खिशात घालून परत आणणं आणि पिअरवरच्या, दोर गोळा करायच्या नळीत टाकणं हे मुलांना लावून द्या, त्यांना ते आवडतं.

थेट देणगी की प्लेट, याचं उत्तर तुमच्या स्वभावावर आहे. दरवर्षी आठवण ठेवून 50 किंवा 100 डॉलर पाठवणारे असाल तर थेट पाठवा, त्यात जास्त मिळतं आणि कशासाठी ते सांगता येतं. बहुतेक लोक पहिल्या वर्षी पाठवतात आणि नंतर राहून जातं. प्लेटची ताकद इथे आहे: गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावंच लागतं, त्याबरोबर वर्षाचे 15 डॉलर आपसूक जातात. संस्थेच्या दृष्टीने पुढच्या वर्षी साधारण किती येणार हे आधी माहीत असणं फार मोठी गोष्ट आहे. एकदाच आलेल्या दहा हजारांवर कोणी माणूस नेमत नाही. दरवर्षी नक्की येणाऱ्या चार हजारांवर अर्धवेळ माणूस ठेवता येतो.

प्लेट ज्या ना-नफा संस्थेची असेल तिचा फॉर्म 990, म्हणजे तिने करखात्याला दिलेला वर्षाचा हिशेब, बघायची सवय लावा. तो सार्वजनिक असतो. त्याच्या नवव्या भागात सगळा खर्च तीन रकान्यांत विभागलेला असतो: प्रत्यक्ष काम, व्यवस्थापन आणि निधी उभारणी. टक्केवारीवरून लगेच निकाल लावू नका. लहान संस्थेत हिशेबनीस एकच असला तरी टक्का मोठा दिसतो, आणि हिशेबनीस नसलेल्या संस्थेला मी पैसे देणार नाही. त्यापेक्षा तीन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवा आणि बघा की आलेला पैसा खर्च होतोय की बँकेत साठतोय. साठत असेल तर का, हे ईमेल करून विचारा. चांगल्या संस्था उत्तर देतात. टँपा बे एस्च्युअरी प्रोग्रॅम मात्र शहरं, जिल्हे आणि राज्य-केंद्राच्या यंत्रणांनी मिळून चालवलेला आहे. तिथे 990 शोधण्यापेक्षा गेल्या वर्षी कोणकोणत्या गटांना मिनी-ग्रँट मिळाली ती यादी वाचा. तुमच्या घराजवळचं एखादं नाव त्यात नक्की असेल.

हौशी गळवाल्यांच्या संघटनांच्याही प्लेट्स आहेत. त्या किनारी अधिवासाचं चांगलं काम करतात, आणि धोरणात त्यांची एक बाजूही असते, बहुधा व्यावसायिक कोळ्यांच्या विरुद्ध. ती बाजू तुम्हाला पटते का, हे बघून ठरवा. मला स्वतःला अधिवासावर खर्च होणारा आणि कुठल्या एका गटाच्या बाजूने न झुकणारा पैसा जास्त आवडतो, म्हणून माझ्या गाडीवर टारपन आहे.

महाराष्ट्राबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 50 आणि 51 या नियमांनी नंबरप्लेटचा आकार, अक्षरं, रंग सगळं ठरवून दिलंय, आणि आता तर उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची आहे. तिच्यावर मासा छापणं शक्य नाही, आणि ओळख पटण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण लोकांची जादा पैसे द्यायची तयारी आपल्याकडे कमी नाही. महाराष्ट्रात पसंतीच्या नंबरासाठी लोक लाखो रुपये मोजतात. 2024 मध्ये चारचाकीच्या 0001 चं शुल्क 5 लाखांवर गेलं, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी 6 लाखांवर. तो सगळा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. त्यातला ठरावीक हिस्सा किनारी जिल्ह्यांच्या खाड्यांसाठी कायद्याने राखून ठेवायला प्लेटवर चित्र असण्याची गरज नाही. पैसा घ्यायला यंत्रणाही आहे: राज्याचा कांदळवन कक्ष आहे, त्याच्या जोडीचं प्रतिष्ठान आहे. 2023 मध्ये पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरलं. पण फ्लोरिडातला अनुभव पाहता मी आधी त्या आकारमानाची अंमलबजावणी मागेन. बोटभर पापलेटची पिल्लं बाजारात विकली जात असतील तर नंबरांच्या पैशातून लावलेल्या कांदळवनात वाढायला पिल्लं येणार कुठून?

आता व्यवहाराचं. फ्लोरिडात नोंदणी मालकाच्या वाढदिवसाला संपते, पण प्लेट बदलायला तोवर थांबायची गरज नाही. जुनी प्लेट आणि नोंदणीचा कागद घेऊन टॅक्स कलेक्टरच्या कुठल्याही शाखेत जा. इथे प्लेट फक्त मागेच लागते, तेव्हा एकच मिळेल. मासेमारीचा परवाना तिथल्या तिथे किंवा फोनवरच्या फिश हंट फ्लोरिडा ॲपवर मिळतो. आणि मुलांना प्लेटपेक्षा खाडी दाखवायची असेल तर टँपा बे वॉचसारख्या संस्था कालवांच्या पिशव्या रचायला आणि किनारी गवत लावायला स्वयंसेवक घेतात. जाताना मुलांना टाच बंद असलेले जुने बूट घाला. चपला चिखलात राहतात आणि शिंपल्यांनी पाय कापतो.